प्लास्टरच्या आधी

७ फेब्रुवारी, मंगळवार

रंगाच्या दुकानदाराने याही वर्षी डायरी दिली. मी रंगकाम सोडून किती वर्षं झाली, तरी तो देतो आणि मी घेतो. आजवर अशा डायऱ्यांत मी फक्त रंगांची मापं लिहिली. पांढऱ्यात पिवळा किती, त्यात काळ्याचा ठिपका किती. आज पहिल्यांदा दुसरं काही लिहितो आहे, कारण लेकीने तसं बजावलं आहे.

"बाबा, काळजी वाटली की माझ्या कानाशी येऊन बसू नका. डायरीत लिहा. तिला कान नाहीत, ती वैतागणार नाही."

माझी शाळा सातवीत सुटली. पण दुकानांच्या पाट्या रंगवल्यामुळे अक्षर चांगलं राहिलं. मजकूर कसा होईल ते माहीत नाही.

तर काळजी अशी. लेक शिलाई मशीन दुरुस्त करते. बाजारातल्या मोठ्या दुकानात इतकी वर्षं केलं. आता मालक थकले, दुकान बंद होतंय. लेकीच्या मनात आलंय की आपल्याच घराच्या पुढच्या दोन खोल्या एक करून तिथे स्वतःचं दुकान काढावं. मधली भिंत पाडायची, रस्त्याच्या बाजूला शटर लावायचं. त्याला पालिकेचा परवाना लागतो. दुसरीकडे, दूरच्या शहरातल्या मशीनच्या कारखान्याने तिला नोकरी देऊ केली आहे. मार्च संपायच्या आत उत्तर कळवायचंय.

"परवाना मिळाला तर दुकान, नाही तर कारखाना," ती म्हणाली. तेही भाजी चिरता चिरता. जणू आज वांगी करू की बटाटे.

तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. लेकीने चाळिशी ओलांडली. लग्नाचं बोलणं तिच्या आईच्या आजारपणात मागे पडलं ते मागेच राहिलं. ती कारखान्यात गेली तर या घरात मी आणि भिंती. हे मी तिला बोललो नाही. म्हाताऱ्या माणसाने पोरांच्या पायात येऊ नये. डायरीच्या पायात यायला हरकत नसावी.

९ फेब्रुवारी, गुरुवार

पालिकेत जाऊन आलो. लेक नको म्हणत होती तरी तिच्याबरोबर गेलो.

बांधकाम खात्याचा लांबच लांब व्हरांडा आहे. बाकावर बसलेल्या प्रत्येकाच्या काखेत नकाशाची गुंडाळी. पंखा आहे, पण तो साहेबांच्या दिशेने फिरतो आणि आपल्याकडे यायच्या आधीच मागे वळतो. शेजारच्या माणसाला विचारलं, किती दिवस येताय? त्याने टोपी काढून टक्कल दाखवलं. म्हणाला, "पहिल्यांदा आलो तेव्हा भांग पाडत होतो."

लेक हसत होती. तिचा अर्ज, नकाशा, सगळं नीट लावलेलं होतं. खिडकीतल्या बाईंनी समजावून सांगितलं. आधी जागा बघायला साहेब येतील, मग काम सुरू करायची मंजुरी. काम अर्धवट असताना पुन्हा तपासणी. सगळं झाल्यावर शेवटचा दाखला. तो हातात आल्याशिवाय शटर उघडायचं नाही.

संध्याकाळी शेजारचे मास्तर आले. शाळेतून निवृत्त झाले तरी शिकवणं सुटलेलं नाही. मला रंगराव म्हणतात.

"रंगराव, अर्ज आत गेला ना? म्हणजे विहिरीत दगड गेला. डुबुक झालं, संपलं. तो वर काढायला दोरी लागते."

"कसली दोरी?"

मास्तरांनी डोळा मारला. मला कळलं, पण कळलं नाही असं दाखवलं.

१५ फेब्रुवारी, बुधवार

साहेब आले. उंच, कानाजवळ केस पिकलेले, पट्ट्याला मोजमापाचा टेप लटकवलेला. मी मनात त्यांचं नाव टेपवाले ठेवलं. प्रत्येक गोष्ट दोनदा मोजतात. दार मोजलं, पुन्हा मोजलं, मग दाराकडे असं बघितलं की आता दारच कबुली देईल.

मी चहा पुढे केला.

"साइटवर चहा घेत नाही मी, काका."

"मग पाणी तरी?"

"पाणी आहे बरोबर." खरंच, पिशवीत बाटली होती.

लेक म्हणाली, "बसा तरी. की बसण्याचाही नियम आहे?"

ते बसले. मग नकाशा पसरून म्हणाले, "मॅडम, ही मधली भिंत नकाशात आहे त्याहून जाड आहे. नकाशात बारीक झालीय."

"फोटोत आणि नकाशात सगळेच बारीक दिसतात," लेक म्हणाली.

झालं! साहेबांनी आधी कागदाकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग काहीतरी लिहिलं आणि लगेच खोडलं. मी जागच्या जागी थिजलो. साहेबांशी असं बोलतात का कुणी? जे खोडलं ते नक्की वाईट असणार.

ते गेल्यावर मी म्हणालो, "चहासुद्धा घेतला नाही गं. मनात काहीतरी धरलंय त्याने."

"चांगला माणूस आहे, बाबा."

"चहा घेतला नाही!"

"म्हणून तर म्हणते."

हल्लीच्या पोरांचं तर्कट मला समजत नाही. ज्याने चहा नाकारला त्याच्यावर विसंबायचं कसं?

२१ फेब्रुवारी, मंगळवार

नकाशा सुधारून दिला. भिंत जाड केली, म्हणजे कागदावर. काम सुरू करायची मंजुरी आली. मास्तरांना सांगितलं तर ते म्हणाले, "इतक्या लवकर? मग शेवटी अडवणार. घोडं नेहमी शेवटी पेंड खातं."

मला आनंद झाला होता, तो मास्तर घेऊन गेले.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

गवंडी कामाला लागला. भल्या मोठ्या आवाजाचा माणूस आहे, भिंतीशीसुद्धा भांडून काम करतो. वरच्या स्लॅबला खालून टेकू लावले आणि भिंत पाडायला घेतली. ही भिंत मी किती वेळा रंगवली असेन. ढिगाऱ्यात माझे रंग एकावर एक दिसत होते. लेक लहान असतानाचा पिस्ता, मग मोतिया, तिच्या आईच्या हट्टाचा गुलाबी. सगळं पोत्यात भरून गेलं.

दुपारी टेपवाले अचानक दारात.

"सहज. इथूनच चाललो होतो," म्हणाले.

आमची गल्ली पुढे बंद आहे. इथून चालून कुणी कुठेच जाऊ शकत नाही. मला घाम फुटला. मास्तरांनी सांगितलं होतं, याला अचानक धाड म्हणतात.

धाड बराच वेळ चालली. लेकीने त्यांना टेकू दाखवले, त्यांनी टेकू कसे हवेत ते सांगितलं, लेकीने विचारलं असेच का, त्यांनी समजावलं. मग ती म्हणाली, "म्हणजे मशीनचा पाय काढताना वरचं डोकं आधी धरून ठेवतो, तसंच." ते म्हणाले, "अगदी तसंच." एवढ्याशा गोष्टीला ते इतके खूश का झाले कोण जाणे. मला वाटलं, चांगल्या वेळेचा फायदा घ्यावा. ते निघाले तसा मी त्यांच्या मागे गेलो आणि गल्लीच्या कोपऱ्यावर हळूच म्हणालो, "साहेब, तुमच्या घराच्या दाराला रंग हवा असेल तर सांगा. हात अजून चालतो माझा. असाच, घरचा म्हणून मारून देईन."

साहेब थांबले. चेहरा लाल.

"काका, तुम्ही हे बोललात ते मी ऐकलं नाही. बरं का? आणि मॅडमच्या कानावर अजिबात जाऊ देऊ नका. माझ्याबद्दल काय वाटेल त्यांना?"

आता यात तिच्या वाटण्याचा काय संबंध? फाइल बिघडेल ती बिघडेल. मी दोन दिवस घराबाहेर पडणार नाही.

२ मार्च, गुरुवार

गर्डर बसला. भिंतीच्या जागी आता हा लोखंडी गर्डर वरचा भार घेणार. त्याची दोन्ही टोकं बाजूच्या भिंतींत घुसवली आहेत. पण काय ते रूप! टोकांपाशी फोडलेल्या विटा, कडेने ओबडधोबड भोकं, विजेच्या वायरींसाठी भिंतीत खणलेल्या चऱ्या. खरूज झाल्यासारखी भिंत. आणि उद्या तपासणी!

लेक दुकानात गेली होती, गवंडी दुसरीकडे. मी विचार केला, असं उघडंनागडं घर साहेबांना दाखवायचं? आयुष्यभर एकच धर्म पाळला, पाहुणा यायच्या आधी भिंत तयार हवी. मी पीओपीचं प्लास्टर कालवलं. दोन्ही टोकं बुजवली, चऱ्या भरल्या, पत्र्याने एक हात फिरवला, सुकल्यावर पॉलिश पेपर घासला आणि वर पांढऱ्याचा हात मारला. गुडघे कुरकुरले, पण हात थरथरला नाही. नजर लागावी अशी भिंत झाली. कुठे जोड आहे ते माझं मलाच सापडेना.

लेक दमून आली, सरळ आत गेली, तिला दिसलं नाही. मी सांगितलंही नाही. उद्या साहेब वाहवा करतील तेव्हाच कळू दे. आज फार दिवसांनी बरं वाटतंय.

३ मार्च, शुक्रवार

काय लिहू?

साहेब आले. सोबत लेक, मागे गवंडी. साहेब आत शिरले आणि उभेच राहिले.

"गर्डरची टोकं कुठायत?"

"आत आहेत, साहेब," मी म्हणालो. "मस्त बसलीत."

"आणि वायरिंग?"

"तेही आत. काहीच दिसत नाही ना?" मी हात पुसून वाहवा ऐकायला उभा.

गवंड्याने भिंतीवर हात फिरवला आणि खाली बसकण मारली. "बाबा, काय केलंत हे! प्लास्टरच्या आधी तर तपासणी असते! दिसत नाही म्हणून खूश होताय? दिसायलाच तर हवं होतं!"

मी लेकीकडे बघितलं. तिचे डोळे एवढे मोठे. "बाबा," ती हळू म्हणाली, "तुम्ही कधी केलंत हे?"

"काल. तुला मदत."

साहेब भिंतीजवळ गेले. नखाने टिचकी मारली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काका, असं काम मी आजवर पाहिलं नाही. जोड खरंच दिसत नाही." आणि छिन्नी मागितली.

माझ्यासमोर माझी भिंत फोडली. उजवं टोक ठीक निघालं. डावं टोक मोकळं केलं तर गवंड्याच्या तोंडाचा पट्टा बंद. गर्डर अर्ध्या विटेवर टेकलेला, आणि तीही वीट हलत होती. साहेबांनी बोटाने हलवून दाखवली. गवंडी म्हणाला, पोराने बसवली, मी बघितलं नाही. साहेब ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "टेकूंना हात लावायचा नाही. इथे काँक्रीटचा ठोकळा घाला, मग बोलवा." आणि तपासणी नापास.

गेले. मी म्हणालो, "पोरी, मी—"

"बाबा, डायरी कुठाय?" लेक म्हणाली. "जा. लिहा."

म्हणून लिहितोय. परवाना गेला. कारखाना आला. आणि तो मी आणला, स्वतःच्या हाताने, पॉलिश पेपर लावून.

६ मार्च, सोमवार

ठोकळा घातला, तो पक्का व्हायला वेळ हवा. गवंडी खालच्या आवाजात काम करतो. मला बघून एवढंच म्हणाला, "बाबा, तुमच्या पीओपीने माझी इज्जत झाकली होती. साहेबांनी काढली." मग स्वतःच हसला. मलाही थोडं हसू आलं.

लेक रोज संध्याकाळी फोनवर कचेरीशी भांडते. आज अर्धा तास भांडली. मी दारातून ऐकलं. "नाही हो, ते तसं नसतं. तुम्ही चुकताय. पैज लावा." आणि मग हसली. रागाने माणूस असं हसतं कधी कधी, तिची आईही हसायची. बिचारी माझ्या चुकीपायी किती जणांशी झगडतेय.

९ मार्च, गुरुवार

साहेब पुन्हा आले. लेकीने निळा सदरा घातला होता, ठेवणीतला. सिमेंटच्या धुळीत कशाला, असं मी म्हणालो तर ती म्हणाली, हाच वर होता. तो वर नव्हता. तो ट्रंकेत सगळ्यात खाली असतो.

साहेबांनी मला हाक मारली. शिडीवर चढवलं, स्वतः शिडी धरली. टॉर्च दिला.

"हात घालून बघा काका. हलतोय का?"

मी हात घातला. गार लोखंड, खाली सपाट काँक्रीट. हलत नव्हतं. सगळं घर त्या एवढ्याशा जागेवर बसलं आहे आणि ते मी झाकून टाकलं होतं.

"लोक वरचा रंग बघतात," साहेब म्हणाले. "तो तुमचा प्रांत. मी आत काय टेकलंय तेवढं बघतो."

मग वायरिंग बघितलं, सही केली, पास! मला इतका हुरूप आला की मी चहा विचारला. नाहीच घेतला.

निघताना लेकीला म्हणाले, "आईची एक जुनी शिलाई मशीन आहे. टाका सोडते."

"आणा ना."

"आता नाही आणता येणार. फाइल माझ्याकडे आहे."

"सुई बदलून बघितली?"

"बघितली. तेलही घातलं."

"तुम्ही घातलंत? मग तेलाचाच दोष."

ते हसले. इतका वेळ एका मशीनवर बोलणारा माणूस मी बघितला नाही. सरकारी माणसाला बोलायला विषय लागतच नाही म्हणा.

१४ मार्च, मंगळवार

डोक्याला हात लावून बसलो आहे. लेकीने कारखान्याला फोन केला आणि नको म्हणून सांगितलं. माझ्यासमोर. गोड बोलून, आभार मानून, सरळ नको.

"अगं, दाखला कुठे आलाय अजून? मार्च संपायला अवकाश होता! हातचं सोडून पळत्याच्या मागे—"

"बाबा, मी गेले असते तर तुम्हाला आवडलं असतं?"

माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं, सिमेंट असेल.

"मग झालं तर," ती म्हणाली आणि शटरला तेल घालायला गेली. शीळ घालत होती. ज्याचं सगळं टांगणीला लागलंय तो माणूस शीळ घालतो?

१७ मार्च, शुक्रवार

मास्तरांना घेऊन पालिकेत गेलो. शेवटच्या तपासणीची तारीख विचारायला. खिडकीतल्या बाईंनी कागद उलटसुलट केले आणि म्हणाल्या, "तुमची फाइल आता त्या साहेबांकडे नाही. त्यांनी स्वतः लिहून देऊन सोडली. दुसऱ्या अधिकारी येतील."

स्वतःहून सोडली! इतकं ते वाईट काम? मास्तर बाकावर बसून म्हणाले, "रंगराव, हे मी आजवर ऐकलं नाही. आयती फाइल कुणी सोडतं का? काहीतरी भयंकर असणार." टक्कलवाले गृहस्थ तिथेच होते. त्यांनी सहानुभूतीने मला जागा करून दिली.

घरी येऊन लेकीला सांगितलं. ती पाठमोरी होती.

"सोडली? लिहून देऊन?"

"हो गं."

"बरं," म्हणाली, वळली नाही. रात्री जेवताना भाजीत मीठ दोनदा पडलं होतं. तीही घाबरली आहे, माझ्यासारखीच. फक्त दाखवत नाही.

२१ मार्च, मंगळवार

नव्या अधिकारी आल्या. ठसठशीत बाई, पांढरे केस, आवाज मास्तरांना वर्गात बसवेल असा. सगळं बघितलं. शटर, दिवे, पाण्याचा निचरा. चटचट बघत होत्या. शेवटी राहवेना म्हणून मी हात जोडले.

"बाई, पीओपी माझ्या हातून झालं. लेकीची चूक नाही. आधीचे साहेब कंटाळले, फाइल सोडून गेले. तुम्ही तरी सांभाळून घ्या."

बाईंनी चष्मा काढला. "आजोबा, त्यांनी फाइल का सोडली, माहीत नाही तुम्हाला?"

"आमच्या चुका बघून."

बाई लेकीकडे बघायला लागल्या. लेक शटरकडे. बाईंना हसू फुटलं ते थांबेना. शेवटी माझ्या रंगाच्या डब्यावर बसल्या. "चुका बघून! त्याने काय लिहून दिलंय माहीत आहे? 'या कामात माझा वैयक्तिक संबंध येण्याची शक्यता असल्यामुळे.' शक्यता! इतक्या वर्षांत त्याने कागदावर कधी शक्यता लिहिली नव्हती. आमच्या कचेरीत पेढे वाटायचे बाकी आहेत!"

आणि चहा मागून घेतला. इथे आमचं सगळं टांगणीला लागलंय आणि या हसतात, पेढ्यांच्या गोष्टी करतात. वैयक्तिक संबंध म्हणजे मी दाराला रंग देऊ केला तोच. दुसरा कुठला? म्हणजे ते माझ्यामुळेच गेले. लेकीला सांगायला तोंड नाही.

२४ मार्च, शुक्रवार

दाखला आला!! मास्तरांना वाचायला दिला. त्यांनी दोनदा वाचला, उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, "खरा दिसतोय." थोडे हिरमुसले.

मी खोलीत जाऊन तिच्या आईच्या फोटोला सांगितलं. लेक राहतेय गं.

२६ मार्च, रविवार

सकाळी दारावर टकटक. टेपवाले! पण पट्ट्याला टेप नाही. नवा शर्ट, पाकिटातल्या घड्या तशाच. हातात शिलाई मशीन, घामाघूम.

मला वाटलं दाखल्यात काही राहिलं. मी लगबगीने त्यांना गर्डरकडे नेलं, टॉर्च आणायला धावलो. "काका, राहू द्या," ते म्हणाले. तोवर लेक चहा घेऊन आली, निळा सदरा घालून. मी म्हणालो, "अगं ते घेत नाहीत—"

त्यांनी घेतला. एका घोटात अर्धा. तोंड भाजलं असणार.

"काका, मला तुमच्याशी बोलायचंय. यांनी हो म्हटलंय. तुम्हालाही विचारावं असं आम्हा दोघांना वाटलं."

"कशाला हो म्हटलंय?"

लेक म्हणाली, "बाबा, बशी सरळ धरा. चहा सांडतोय."

चहा खरंच सांडत होता. आणि एकेक करून सगळं माझ्यासमोर उभं राहिलं. बंद गल्लीतून सहज जाणं, ट्रंकेतला सदरा, हसून हसून केलेलं भांडण, दोनदा पडलेलं मीठ. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते माझ्याबद्दलच. आयुष्य भिंतींच्या भेगा शोधण्यात गेलं आणि घरात एवढं मोठं काम चाललं ते दिसलं नाही.

मी बशी खाली ठेवली. घसा साफ केला.

"थांबा. प्लास्टरच्या आधी मला तपासू द्या."

लेक तोंडावर हात धरून आत पळाली, पण दाराआडच थांबली, मला पावलं कळतात. साहेब ताठ बसले.

"घरी कोण?"

"आई. बायको आजारात गेली, बरीच वर्षं झाली. मूल नाही."

"राग येतो?"

"नकाशा चुकीचा असला की."

"घोरता?"

"आई म्हणते, घोरतो."

"खोटं बोलता?"

साहेबांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "एकदा बोललो. इथूनच चाललो होतो असं म्हणालो होतो."

मला हसू आवरेना. तेही हसले, दाराआडूनही आवाज आला. पण खरा प्रश्न राहिला होता, तो काढलाच. "आणि ही? कुठे राहणार?"

लेक बाहेर आली. "दुकान इथे, म्हणजे दिवसभर मी इथे, बाबा. संध्याकाळी तिकडे. दोन गल्ल्या पलीकडे तर आहे घर."

"दोन गल्ल्या," मी म्हणालो. हिशेब केला. कारखान्यापेक्षा जवळच.

"पास?" साहेबांनी विचारलं.

"टेकण बरं दिसतंय," मी म्हणालो. "एक मात्र आहे. आता फाइल तुमच्याकडे नाही ना?"

"नाही."

"मग दाराला रंग मारू?"

साहेबांचा चेहरा पुन्हा लाल झाला. "मारा," म्हणाले. मशीनचं विचाराल तर लेकीने उघडून बघितली. म्हणाली, या मशीनला काहीही झालेलं नाही.

३१ मार्च, शुक्रवार

दुकान उघडलं. पाटी मी रंगवली, अक्षर अजून तसंच आहे. पहिली मशीन मास्तरांच्या सुनेची आली. मास्तर म्हणाले, मी आधीपासून सांगत होतो की सगळं नीट होईल. मी मान डोलावली.

आतल्या सगळ्या भिंतींना मोतिया मारला. डाव्या बाजूला, गर्डरच्या टोकापाशी, तळहाताएवढी जागा मात्र तशीच सोडली. गवंडी म्हणाला, बाबा, एवढं राहिलं. म्हटलं, राहू दे. लोखंडाला तांबडा लावलाय, गंजणार नाही. दिसू दे.

दुपारी एकटाच पालिकेत गेलो. लेकीला सांगितलं नाही, होणाऱ्या जावयाला तर नाहीच. विचार असा की गच्चीवर एक खोली काढली, तर दोन गल्ल्यांचंही अंतर राहणार नाही. त्यांच्या आईला जिने चढवतील का ते विचारायचंय. तूर्त नुसता अर्ज आणायला गेलो.

बाकावर एक नवीन म्हातारा होता. काखेत गुंडाळी, घामाने भिजलेली. पंखा त्याच्यापर्यंत येऊन परत जात होता. त्याने मला विचारलं, "किती दिवस लागतात हो इथे? मला तर झोपच नाही."

मी त्याच्या शेजारी बसलो. म्हणालो, "लागतील तितके लागतील. घाबरू नका. फक्त साहेब यायच्या आधी काही झाकू नका."

तो म्हणाला, "आणि चहा?"

"विचारून बघा," मी म्हणालो. "नाही घेतला तर माणूस चांगला आहे असं समजा. आणि घरात लग्नाची लेक असेल तर मला सांगा, गल्ली बंद आहे की उघडी."